तालमीच्या माडीवरचं संमेलन

आमच्या महिला मंडळाचं वार्षिक संमेलन संक्रांतीनंतरच्या रविवारी, कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या माडीवर व्हायचं. खाली कुस्तीचा हौदा, वर आम्ही. जिना चढताना तांबड्या मातीचा वास यायचा, माडीवर पोचलं की गजऱ्यांचा. 1984 साली मी पहिल्यांदा गेले ती सासूबाईंची पिशवी धरायला. पुढं अकरा वर्षं चिटणीस होते, तेव्हा माझं माप जरा मंडळाकडं झुकतं, हे आधीच सांगते.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, जमाखर्च हे दरवर्षी व्हायचं तसं व्हायचं. अहवाल मीच वाचायचे आणि मलाच जांभई यायची. माझा जीव अडकलेला असायचा तो थोरल्या बाईंच्या भाषणात. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. हातात कागद नाही, माईक वीतभर लांब. सुरुवात ठरलेली, “सगळं एका पत्रानं झालं.”

पत्र मार्गारेट कझिन्स यांचं. कझिन्सबाई आयरिश, राहायच्या मद्रासला. कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात शिक्षण खात्याच्या एका साहेबानं भाषणात म्हटलं होतं, की मुलींना कसलं शिक्षण पाहिजे ते बायकांनीच एकमुखानं सांगावं. कझिन्सबाईंनी ते मनावर घेतलं आणि 1926 साली देशभरातल्या बायकांना पत्रं धाडली. गावोगावी बायका जमल्या, त्यांनी ठराव लिहिले आणि जानेवारी 1927 मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड.

इथं बाई थांबायच्या. “बडोद्याचं नि आपलं नातं काय?”

मागच्या रांगेतनं उत्तर यायचं, “आपल्या लक्ष्मीबाई राणीसाहेब बडोद्याच्या!”

शाहू महाराजांच्या राणीसाहेब माहेरच्या खानविलकर. एवढं ऐकलं की पुण्याची परिषद म्हणजे आपल्या सोयऱ्यांच्या घरचंच कार्य, अशा थाटात सगळ्या पदर सावरून बसायच्या.

पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी झाली, हे सांगताना बाई चष्मा काढायच्या. “मागणी 1927 ची. आपल्या महाराजांनी 1917 सालीच सक्तीचं केलं, वर मोफत.” टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या बाईंना आवडायच्या नाहीत. “टाळ्या महाराजांना. आपल्या आज्यांनी किती पोरी शाळेत धाडल्या, ते घरी जाऊन विचारा.” मग संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम बघणाऱ्या रखमाबाई केळवकरांचं नाव यायचं आणि त्यांच्या लेकीचं, डॉक्टर कृष्णाबाईंचं. आता आपण ज्याला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणतो, त्या दवाखान्यात कृष्णाबाई होत्या. बाईंचा आवाज एरवी करडा, पण कृष्णाबाईंपाशी थोडा हलायचा.

दुसऱ्या वर्षी परिषद दिल्लीत, अध्यक्षा भोपाळच्या बेगम. तिथनं गाडी बालविवाहाकडं वळायची. परिषदेनं हा विषय लावून धरला आणि 1929 साली शारदा कायदा झाला. मुलीचं वय 14, मुलाचं 18.

मी गेले त्याच वर्षी या वाक्यावर पहिल्या रांगेतली एक आजी उठून उभी राहिली. “माझं 24 साली झालं. नऊ वर्सांची हुते. पाच वर्सं उशीर केलासा गं बायांनो!”

कुणी तरी फिसकन हसलं. आजी काही हसली नाही. खाली बसून तिनं नऊवारीचा काठ बोटांवर गुंडाळायला घेतला. बाईंनी तांब्यातलं पाणी ओतलं, प्यायल्या नाहीत, आणि तसंच पुढं बोलायला लागल्या. पुढच्या वर्षापासनं बाई त्या वाक्याआधी आजीकडं बघायच्या आणि आजी उठून तेच बोलायची. आजी गेल्यावर नातसून बोलायला लागली. एका वर्षी ती पाहुण्यांच्या लग्नाला गेली. बाई पहिल्या रांगेकडं बघत थांबल्या, आणि आम्ही साठ जणी गप्प. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, पण उठायचं धाडस झालं नाही. ते मला अजून टोचतं.

साठच, बरं का. जेवणाला पानं दोनशे उठायची. नव्या कॉलन्यांतल्या मेंबर वाण लुटायच्या वेळेला बरोबर हजर, आणि वर “भाषण संपलं व्हय?” नावं घेत नाही. हजेरीवही माझ्याकडं आहे.

ज्यांच्या जिवावर हे चाललं त्यांना विसरून चालायचं नाही. सतरंज्या फुकट देणारे मांडववाले मामा. माईक कुईकुई करायला लागला की नुसत्या टपलीनं गप्प करणारा त्यांचा पोरगा. मसालेभाताचं आधण स्वतः बघणाऱ्या दोघी जावा (धाकटीला राग येऊ नये म्हणून दोघी लिहिलं, मीठ थोरलीच बघायची). पेटीवाल्या मावशी, दूध धाडणारे गंगावेशीतले काका, तिळगुळाच्या पुड्या बांधणाऱ्या शाळेच्या मुली, रात्री आम्हाला घरोघर सोडणारे रिक्षावाले दादा. झाले वाटतं सगळे.

नाही, तालमीची दोन पोरं राहिली. शेवटची तीन वर्षं आजीला जिना चढवेना, तेव्हा त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून माडीवर आणलं. अंगाची माती तशीच, लुगड्याला लागू नये म्हणून हात तेवढे धुतलेले. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना चहा द्यायचा विसरलो. आता दोघांचे केस पिकलेत, पण रंकाळ्यावर भेटले की अजून विचारतात, “वहिनी, आमचा चहा?”