‘ते काय होतं?’ : खान्देशच्या आकाशातल्या अनोळखी उजेडांची नोंद, दिवाळी ते होळी

आकाशात काही वेगळं दिसलं की ज्यांचा फोन वाजायला लागतो, त्या सगळ्या आकाशवेड्या मंडळींसाठी ही नोंद आहे. या हंगामातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आता आपल्याकडे दोन डोळे आहेत. एक कॅमेरा पाचोऱ्याला माझ्या गच्चीवर आणि दुसरा शिरपूरला मित्राच्या गच्चीवर. दोन्हींमध्ये सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर अंतर आहे. आयएमएक्स २९१ सेन्सरचा साधा सीसीटीव्ही मॉड्यूल, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि ग्लोबल मीटिअर नेटवर्क या उल्का टिपणाऱ्यांच्या जगभरच्या जाळ्यातले लोक वापरतात ती उल्का नोंदवणारी आरएमएस प्रणाली, एवढाच सरंजाम. दिवाळीनंतर ताऱ्यांवरून दोन्ही कॅमेऱ्यांची दिशा बसवून घेतली. काचेवर बसणारी धूळ रोज संध्याकाळी पुसावी लागते. इथली धूळ बारीक आहे, ओल्या फडक्याने तिचा चिखल होतो, म्हणून आधी ब्रश आणि मगच फडकं.

दोन कॅमेरे का, हे नव्याने आलेल्यांना सांगायलाच हवं. त्यासाठी २ एप्रिल २०२२ कडे जावं लागतं.

गुढीपाडव्याची संध्याकाळ होती. अमावस्या नुकतीच उलटलेली, त्यामुळे आकाश काळंभोर. पावणेआठच्या सुमारास गुजरात, मध्य प्रदेश, खान्देश ते विदर्भ एवढ्या मोठ्या पट्ट्यात लोकांनी जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग पाहिली. तासाभरात तर्कांना ऊत आला. विमान पेटलं, क्षेपणास्त्र सुटलं, उल्का पडली, शत्रूने काही सोडलं. जाणकारांमध्येही एकमत नव्हतं. त्याच संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट सुटलं होतं, तेव्हा त्याचाच भाग असेल असाही एक अंदाज पुढे आला. तोही निराधार नव्हता, वेळ जुळत होती. पण जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणं अपेक्षित होतं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं आणि आसपास धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन ते पाहून गेले.

मला त्या रात्रीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. प्रत्येक गावाला ती आग शेजारच्या गावामागे पडल्यासारखी दिसली. लोक खोटं बोलत नव्हते. ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू क्षितिजापासून १०° वर दिसत असेल, तर ती आपल्यापासून सुमारे ३८० किलोमीटर लांब असते. रात्रीच्या अंधारात डोळ्याला हे अंतर कळायला काही मार्गच नाही. जळगावहून लाडबोरी सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. एकाच जागेवरून कुणीही, अगदी कसलेल्या निरीक्षकानेही, ‘ते कुठे होतं’ हे सांगू नये. दुसऱ्या जागेवरची दिशा हातात आली की मगच उंची निघते.

म्हणून आता कुणाचाही फोन आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: दुसऱ्या तालुक्यातून कुणाला दिसलं का? पाचोऱ्यावर शंभर मीटर उंचीवर फिरणारा ड्रोन शिरपूरला दिसणं शक्य नाही. पण नव्वद किलोमीटर उंचीवर पेटलेली उल्का पाचोऱ्याला डोक्यावर असेल, तर शिरपूरला ती ४५° वर दिसलीच पाहिजे. या एका प्रश्नात अर्धी प्रकरणं निकाली निघतात.

डिसेंबरच्या मध्यातली नोंद सविस्तर देतो, कारण तिच्यात सगळं जमून आलं. रात्री अकराच्या सुमारास पारोळा, अमळनेर, धुळे भागातून फोन आले. ग्रुपवर ‘विमान पडलं’ सुरू झालं होतं. दुसऱ्या दिवशी काही पोरं पारोळ्याजवळच्या माळावर दगड शोधत फिरत होती, कारण उल्केचा दगड लाखोंना विकला जातो असं कुणीतरी लिहिलं होतं.

मी गेलो एका जिभाऊंकडे, म्हणजे एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याकडे. थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणून ते गव्हाला पाणी भरत होते. माझा अनुभव सांगतो, रात्रपाळीला दारं धरणारा शेतकरी हा आपला सगळ्यात चांगला साक्षीदार. तो अंधाराला सरावलेला असतो, एका जागी उभा असतो, आणि कुठलं झाड कुठे आहे हे त्याला डोळे मिटूनही सांगता येतं. मी त्यांना ‘उल्का’, ‘आग’, ‘रॉकेट’ यातला एकही शब्द दिला नाही. आपण शब्द दिला की समोरचा तोच परत करतो. फक्त म्हटलं, ‘जिभाऊ, होता तिथेच उभे राहा आणि काय दिसलं ते सांगा.’

‘निरा हिरवा उजाळा व्हता, भो. मन्ही सावली पडनी,’ ते म्हणाले. ‘आवाज काही उना नही.’

सावली कुठल्या बाजूला पडली ते त्यांनी वाफ्यावर पाय ठेवून दाखवलं, पूर्वेकडे. म्हणजे उजेड पश्चिमेला. मग हात लांब करायला सांगितला. ताठ हाताची मूठ साधारण १०°, वीत साधारण २०°. चिंचेमागच्या क्षितिजापासून एक वीत आणि वर जवळजवळ एक मूठ, तिथे तो उजेड विझला. शेवटी म्हटलं, जसं गेलं तसं बोट फिरवून दाखवा. मी खिशात स्टॉपवॉच दाबलं. किती सेकंद लागले असं विचारलं तर माणूस अंदाज ठोकतो, पण हात बरोबर चालतो. तीन सेकंदांच्या आत बोट थांबलं.

इथेच रॉकेट बाद झालं. कक्षेतून खाली येणारी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतच असते. ती रेंगाळत, तुकडे सांडत जाते, मिनिटभरही दिसत राहते. उल्का सेकंदाला कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटर वेगाने शिरते. दोन्ही कॅमेऱ्यांचं गणित जुळवल्यावर वेग ३४ च्या घरात निघाला, मार्ग मागे वाढवला तर मिथुन राशीत पोहोचला आणि शेवट साक्रीच्या बाजूला सुमारे ४५ किलोमीटर उंचीवर आला. मिथुन उल्कावर्षावातलीच ही एक, ३२०० फेथॉन या लघुग्रहाच्या कचऱ्यातली. जिभाऊंची वीत-मूठ कॅमेऱ्याच्या आकड्याशी दोन-तीन अंशांत जुळली. मला त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला. माळावरच्या पोरांनाही कागदावर काढून दाखवलं, की विझली ती जागा इथून पंच्याऐंशी किलोमीटर पश्चिमेला आणि जमिनीपासून पंचेचाळीस किलोमीटर वर. त्यातल्या दोघांनी कॅमेरा पाहायला येतो म्हणून सांगितलंय.

याच प्रकरणात एका दुकानाच्या सीसीटीव्हीचं चित्रण मिळालं, पण त्यावरची वेळ कॅमेऱ्यांशी जुळेना. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीचं, घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. अशी फुटेज घेताना डीव्हीआरची स्क्रीन आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. फरक कळला की जुनं चित्रणही कामाचं ठरतं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या क्लिपवर कधीच वेळ ठरवू नका, मूळ फाइल मागा.

बाकीचं थोडक्यात. संध्याकाळी एका रेषेत चालणारे दिवे म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांची नुकतीच सोडलेली रांग. पहिले काही दिवसच ती अशी दाट दिसते आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच एकेक दिवा विझत जातो. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते या विझण्याला. पश्चिमेला ‘पेटलेलं, खाली येणारं’ जे फोटोंमध्ये होतं, ते मावळत्या उन्हात उजळलेले विमानाचे धुराचे पट्टे निघाले. हैदराबादला टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, फुगे सोडण्याचं केंद्र आहे. ते संशोधनाचे फुगे तीसेक किलोमीटरच्या वर जातात आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ चमकतात. म्हणून संथ, पांढरा, न लुकलुकणारा ठिपका दिसला की आधी त्यांचं वेळापत्रक तपासतो. जमिनीवर यंत्रांची पेटी किंवा पॅराशूट सापडलं तर हात लावू नये, पोलिसांना कळवावं. रॉकेटचा तुकडा असला तरी हेच. १९६७, १९६८ आणि १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे तो सोडणाऱ्या देशाचाच राहतो आणि जमिनीवर नुकसान झालं तर भरपाईही त्याच देशाने द्यायची असते.

एक नोंद उघडी ठेवली आहे. संक्रांतीनंतर चाळीसगावकडून एका बाईंनी कळवलेला नारिंगी, संथ, बराच वेळ थांबलेला उजेड. त्यांनी दिशा नीट सांगितली, वेळही. पण ती बाजू पाचोऱ्याच्या कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर आणि दुसरा साक्षीदार नाही. शुक्र त्या दिशेला नव्हता, उपग्रहांच्या यादीतही काही बसत नाही. आकाशकंदील असावा असं मन म्हणतं, पण मन म्हणतं म्हणून मी तसं लिहिणार नाही. वहीत ‘ओळख पटली नाही’ असंच राहील. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर तुमची नोंद जपून ठेवली आहे.

पावसाळ्याआधी दक्षिणेकडे तिसरा कॅमेरा हवा. चाळीसगाव किंवा पाटणादेवीकडची बाजू झाकता आली तर गिरणेपासून तापीपर्यंतचं आकाश तीन कोनांतून येईल. तोरणमाळकडे कुणी वीज आणि इंटरनेट असलेलं छत देऊ शकलं तर नंदुरबारही त्यात येईल. उन्हाळ्यात पेटी तापून कॅमेरा बंद पडतो, त्यासाठी पांढरा रंग आणि वर दुहेरी पत्रा करून पाहतोय. चैत्रात पारा पंचेचाळिशीकडे सरकला की त्याचा निकाल लिहीन. ज्यांच्याकडे छत आहे त्यांनी आधी रात्री बाहेर उभं राहून उत्तरेचा ध्रुव दिसतो का आणि हायमास्टचा उजेड थेट डोळ्यात येतो का, एवढं पाहून कळवा.