चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा

दाराबाहेरून नुसतं "आहे का गं कुणी?" ऐकू आलं तरी शेजारच्या काकू आल्यात हे आतल्या खोलीत समजतं. काकूंचं माहेर कुठलं, तेही समजतं. माणूस शहरात पन्नास वर्षं राहिला तरी हेल सुटत नाही. म्हणून तिबेरियो मुर्जा या इटालियन विनोदी चरित्र अभिनेत्याचं नवल वाटतं. जन्मभर त्याने पडद्यावर सिसिलीचा माणूस उभा केला. स्वतः तो सिसिलीचा नव्हताच.

मुर्जा 1929 साली सार्डिनिया बेटावरच्या ओरिस्तानो गावी जन्मला. बेल्जियमच्या कोळसाखाणीत राबला आणि मग रोमच्या एका खानावळीत भांडी घासायला लागला. तिथे दिग्दर्शक मारिओ मोनिचेल्लीच्या माणसांनी त्याला हेरलं. 1958 च्या 'इ सोलिती इन्योती' या चित्रपटासाठी त्यांना एक संशयी, तापट सिसिलियन भाऊ हवा होता. ठेंगणी चण, चापून बसवलेले काळे केस, कोरलेली मिशी आणि कधीही न हसणारे डोळे. सिसिलीच्या माणसाबद्दल रोमकरांच्या डोक्यात जे चित्र असतं ते आयतंच समोर उभं होतं. अडचण होती ती तोंड उघडल्यावर.

आता गंमत बघा. सिसिलीच्या बोलीत 'बेड्डा' म्हणताना आपल्यासारखा खणखणीत 'ड' येतो. प्रमाण इटालियनला तो जमत नाही, पण सार्डिनियालाही तो आहे. 'सिसिलियन आहे मी' असं क्रियापद मागे टाकून बोलायची सवयही दोन्ही बेटांवर आहे, आणि आपल्याला तर ती घरचीच. इतकं सगळं जुळूनही कान फसत नाही. सार्डिनियाचा माणूस इटालियन बोलताना एकेरी व्यंजनावरही जोडाक्षरासारखा जोर देतो, तर सिसिलीचा माणूस 'ए' आणि 'ओ' ऐसपैस उघडून म्हणतो. मालवणीचा हेल नागपूरकराने काढावा आणि सावंतवाडीच्या प्रेक्षकाने मान डोलवावी, असं होत नाही. शिवाय मुर्जा तालमीतला नट नव्हता. मग त्याच्या तोंडी रेनातो कोमिनेत्ती या नटाचा आवाज बसवला.

इटलीत यात कुणाला वावगं वाटलं नाही. 1930 मध्ये परकीय भाषेतले संवाद असलेल्या बोलपटांना तिथे बंदी आली, डबिंगचा धंदा फोफावला आणि पुढे देशी चित्रपटांतही तोच रिवाज पडला. सेटवरचा ध्वनी आधारापुरता असायचा. कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक खुशाल ओरडून सूचना देई. फेलिनी तर कधी कधी नटांना संवादाऐवजी सरळ आकडे म्हणायला लावायचा.

नंतर फिल्मचे लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाची दोन टोकं जोडून कडं करायचं. त्याला 'आनेल्लो' म्हणतात, म्हणजे शब्दशः अंगठी. कडं प्रोजेक्टरवर फिरत राहायचं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसायचा आणि आवाज देणारा उभ्या मेजावर कागद ठेवून पडद्यावरच्या ओठांकडे बघत बोलायचा. 'त' आणि 'क'ला थोडी सवलत असते, जीभ आत असते, कोण बघतंय! पण 'प', 'ब', 'म' यांना ओठ मिटावेच लागतात. पडद्यावर मिटलेले ओठ आणि कानावर लांब 'आ' आला की सोंग उघडं पडतं. म्हणून लिहिणारा अर्थ थोडा वाकवतो, पण ओठाचं अक्षर त्या जागी बसवतोच. सगळ्यात सुखाचा नट म्हणजे पाठमोरा नट. त्याच्या तोंडी वाटेल ते घाला.

मुर्जाच्या पात्राचं नाव फेर्रिबोत्ते. मेस्सीनाच्या सामुद्रधुनीतून सिसिलीला जाणाऱ्या फेरीबोटीचं ते गावठी रूप. हा माणूस बहिणीला कडीकुलपात ठेवतो, तिच्याकडे कुणी बघितलं तरी पिसाळतो, आणि स्वतः मात्र गहाणपेढी फोडायला निघतो. चोरांची ही टोळी मेहनतीने भिंत फोडते, ती भलतीच निघते आणि पलीकडे स्वयंपाकघर लागतं. मग काय, तिथलाच छोल्यांचा पास्ता खात बसतात. विनोदाचं मर्म मुर्जाच्या गंभीरपणात आहे. तो एकदाही 'मी विनोदी आहे' असं सुचवत नाही, आणि नवख्या माणसाकडून हे करून घेणं सोपं असतं. शिकलेला नट हमखास एखादी भुवई उडवतो.

पुढे शंभरावर चित्रपटांत तो आला, बहुतेक वेळा तसाच सिसिलियन म्हणून आणि पुष्कळदा उसन्या गळ्यानेच. 1959 च्या 'ला ग्रांदे ग्वेर्रा'तही सिसिलियन शिपाई. 1985 मध्ये उतारवयात पुन्हा फेर्रिबोत्ते. 2010 साली तो वारला.

त्या पहिल्या चित्रपटात टोळीतला खादाड म्हातारा कापान्नेल्ले बोलोन्याच्या बोलीत बोलतो. नट कार्लो पिसाकाने मात्र नेपल्सचा, म्हणून त्यालाही दुसऱ्याचा आवाज. आणि फेर्रिबोत्तेने कोंडून ठेवलेली ती बहीण? क्लाउदिया कार्दिनाले. जन्म ट्युनिसचा, पण घराणं सिसिलीचं आणि घरात बोली सिसिलीची. म्हणजे त्या घरातली खरी सिसिलियन तीच. इटालियन तिला नीट येत नव्हतं, म्हणून आवाज तिचाही बदलला.