एमसी फाइलींचं कोडं सुटलं : कॅसँड्रा 3.11 वरून 4.0, पुढची नोंद

सापडलं! माझा कॅसँड्रा डेटाबेस 3.11 वरून 4.0 वर नेताना पहिल्या नोडवर, म्हणजे तो चालवणाऱ्या मशीनांपैकी पहिल्यावर, अपग्रेडएसएसटेबल्स (एसएसटेबल म्हणजे डेटाच्या फाइली, त्या नव्या फॉर्मॅटमध्ये लिहिणारी आज्ञा) जिथे अडकून बसत होतं, ती गाठ सुटली. ऑगस्ट 2019 चा अख्खा महिना आता 4.0 वर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतोय. मागची नोंद डिस्कवरच्या संशयापाशी थांबली होती. डिस्क ठणठणीत आहे. दुखणं भलतीकडेच होतं, आणि ते इतकं सुरेख लपलेलं होतं की आज सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मांडणी तीच: तीन सेकंडहँड मिनी पीसी, रेप्लिकेशन फॅक्टर तीन, म्हणजे प्रत्येक नोडवर सगळा डेटा. आत कृष्णेची पातळी आणि आपल्या गटातल्यांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी. पातळीसाठी मी सुरुवातीपासून फूट, इंच आणि स्रोत असा तीन खान्यांचा यूडीटी (आपण स्वतः ठरवलेला डेटाचा प्रकार) ठेवलाय, फ्रोझन, म्हणजे तिन्ही खाने मिळून एकच गोठवलेला तुकडा. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी कुणी मीटरमध्ये विचारत नाही. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मग टेबलातही तेच असावं, या मतावर मी ठाम आहे.

आधी टोकनचं (कुठला डेटा कुठल्या नोडकडे हे ठरवणाऱ्या खुणा) सांगून टाकतो, कारण ते लवकर मिटलं. 4.0 ची नवी कॅसँड्रा डॉट यामल, म्हणजे सेटिंगची फाइल, जशीच्या तशी वापरली तर नोड उठतच नाही, कारण नम टोकन्सची ठरीव किंमत 256 वरून 16 वर आणलीय आणि चालू नोडची टोकन संख्या बदलता येत नाही. लॉगमध्ये ते स्वच्छ शब्दांत लिहून येतं. 256 परत लिहिलं, नोड उठला. नवी यामल घेऊन त्यात जुन्या किमती भरण्यापेक्षा दोन्ही फाइली डिफ लावून ओळ न ओळ बघणं बरं. यासाठीच मी पॅकेजपेक्षा टारबॉल (हव्या त्या फोल्डरमध्ये उलगडायचा गठ्ठा) पसंत करतो: जुनं आणि नवं दोन्ही शेजारी शेजारी राहतं, कोण कशावर लिहिलं गेलं हे शोधत बसावं लागत नाही.

आता मूळ दुखणं. स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटा फाइलींची प्रत) घेतला, नोडटूल ड्रेन (मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवणारी आज्ञा), सेवा बंद, 4.0 ची बायनरी, सेवा चालू. नोड क्लस्टरमध्ये, म्हणजे तिघांच्या गटात, आला. डिस्क्राइबक्लस्टरमध्ये (गटाची स्थिती दाखवणारी आज्ञा) दोन स्कीमा आवृत्त्या, म्हणजे टेबलांच्या रचनेच्या आवृत्त्या, दिसल्या, पण 3.11 आणि 4.0 एकत्र असताना तसं दिसणारच. सगळे नोड वर गेले की एकच उरते. त्यानंतर अपग्रेडएसएसटेबल्स लावलं. पावसाचं टेबल सरसर पार पडलं. पातळीचं टेबल अर्ध्यावर गेलं आणि करप्टएसएसटेबलएक्सेप्शन, म्हणजे फाइल बिघडलीय अशी तक्रार. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच.

करप्ट हा शब्द दिसला की हात आधी डिस्ककडे जातो. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारं साधन) स्वच्छ. केबल बदलली, मेमरी तपासली, फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून वाचली. ढिम्म फरक नाही. मग दुसऱ्या नोडवर, जो अजून 3.11 वरच आहे, त्याच काळाच्या फाइलीवर एसएसटेबलडंप (फाइलीतल्या ओळी वाचून दाखवणारं साधन) चालवला. तोही आपटला. तिसऱ्यावरही तेच. तीन वेगळ्या डिस्क एकाच महिन्यावर मरत नाहीत. म्हणजे फाइली आतून जशा लिहिल्या गेल्या तशाच आहेत आणि वाचणाऱ्याचाच काहीतरी गैरसमज होतोय.

त्या रात्री कराडच्या काकांचा फोन आला. त्यांना मी डिरेक्टरीची यादी पाठवली होती. काका म्हणाले, "अरे, नावं बघ की नीट. सगळ्या फाइली एमईने सुरू होतात, आणि ह्या मधल्याच एमसीने कशा?"

मी म्हटलं, "काका, त्या पुराच्या महिन्याच्या आहेत. जुन्या डिस्कवरून आणलेल्या."

"मग तिथंच हाय बघ तुझं पाणी मुरतंय ते."

काकांनी नेमकं बोट ठेवलं. एसएसटेबलच्या नावातली पहिली दोन अक्षरं म्हणजे फॉर्मॅटची आवृत्ती. माझं 3.11 एमई लिहितं, 4.0 एनबी लिहितं. एमसी म्हणजे 3.0 च्या मधल्या काळातला फॉर्मॅट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2005 चा विक्रम मोडला, तेव्हा माझा एकुलता एक नोड 3.0 वर होता. गावभागातून मशीन उचलून विश्रामबागला नेण्याआधी स्नॅपशॉट घेऊन डिस्क वेगळी ठेवली होती. पुढे क्लस्टर नव्याने उभं राहिलं ते थेट 3.11 वर, त्या महिन्याशिवाय. अपग्रेडच्या तयारीत तो महिना तीनही नोडवर उतरवला आणि नोडटूल रीफ्रेशने आत घेतला, हे दोन नोंदींमागे लिहिलंय. रीफ्रेश फाइल सामावून घेतं, आतल्या ओळी वाचून बघत नाही. त्यात पातळीचं टेबल टीडब्ल्यूसीएसवर (काळाच्या खिडक्या पाडून एका खिडकीतल्याच फाइली एकत्र करणारी पद्धत). त्या खिडकीत दुसरी फाइल नाही, म्हणून कॉम्पॅक्शनही, म्हणजे फाइली एकत्र करून नव्याने लिहिणंही, तिला शिवलं नाही. फाइल गपचूप पडून राहिली, ती थेट अपग्रेडएसएसटेबल्सने उघडेपर्यंत.

पण जुना फॉर्मॅट आहे एवढ्याने भागत नाही, कारण 4.0 ला एमसी वाचता येतो. पावसाच्या टेबलातल्या एमसी फाइली बिनबोभाट एनबी झाल्या होत्या. मग पातळीचंच टेबल का? फरक एकच, यूडीटी.

इथे एसएसटेबलमेटाडेटा (फाइलीची रचना आणि माहिती दाखवणारं साधन) कामाला आला. माझ्या मते कॅसँड्राबरोबर येणाऱ्या साधनांतलं हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात गुणी साधन. धडधाकट एमई फाइलीवर चालवलं, तर रेग्युलर कॉलम्सच्या ओळीत पातळीपुढे फ्रोझनटाइप, त्याच्या कंसात यूजरटाइप, त्याच्या कंसात फूट, इंच, स्रोत. एमसी फाइलीवर चालवलं, तर पातळीपुढे थेट यूजरटाइप. फ्रोझनटाइप गायब! दोन्ही टर्मिनल शेजारी ठेवून मी ती ओळ कितीतरी वेळ बघत होतो.

कारण असं. प्रत्येक एसएसटेबलच्या स्टॅटिस्टिक्स फाइलीत एक सीरियलायझेशन हेडर असतं, त्यात कुठल्या कॉलमचा प्रकार काय ते लिहिलेलं असतं. 3.0 मध्ये यूडीटी फ्रोझनच असायचे, त्यामुळे हेडर लिहिताना 3.0 फ्रोझन हा उल्लेखच गाळायचं आणि तेव्हा कुणाचं अडत नव्हतं. 3.6 मध्ये नॉन-फ्रोझन यूडीटी आले. तेव्हापासून उल्लेख नाही म्हणजे नॉन-फ्रोझन, असा अर्थ लागायला लागला. नॉन-फ्रोझन यूडीटीचा प्रत्येक खाना स्वतंत्र सेल म्हणून साठतो, फ्रोझनचा सगळा मिळून एकच तुकडा. वाचणारा सुटे सेल शोधायला जातो, पुढ्यात येतो सलग तुकडा, बाइट्सचा हिशोब चुकतो आणि तो फाइलीला करप्ट ठरवून मोकळा होतो. हळदीच्या पोत्यावरची चिठ्ठी चुकावी आणि आत माल शाबूत असावा, तसं हे. डेटाचा एक बाइटही बिघडलेला नव्हता.

हा दोष कॅसँड्रा-15035 या क्रमांकाने नोंदलेला आहे आणि त्यावर तोडही आहे. 3.0 वरून वर येताना नोड स्वतःहून ही हेडर एकदा दुरुस्त करतो. पण दोन अटी आहेत, आणि मी दोन्हींच्या बाहेर पडलो होतो. एक, ही दुरुस्ती आधीची आवृत्ती 3.0 आहे असं दिसलं तरच होते. माझा नोड 3.11 वरून आला. दोन, स्नॅपशॉट आणि बॅकअपला ती हात लावत नाही. माझा महिना तर अख्खाच्या अख्खा स्नॅपशॉटमधून आलेला.

उपाय एसएसटेबलस्क्रब या फाइली तपासून दुरुस्त करणाऱ्या साधनाच्या मायनस ई या पर्यायात आहे. आधी व्हॅलिडेट-ओन्ली, म्हणजे फक्त तपासणी, लिखाण शून्य. त्याने पातळीच्या एमसी फाइली एकेक करून दाखवल्या, बाकी एकीवरही बोट ठेवलं नाही. मग फिक्स-ओन्ली: स्कीमाशी जुळत असेल तर हेडरमध्ये फ्रोझन घालायचं, डेटाला हात लावायचा नाही. हे साधन नोड बंद असतानाच चालवायचं असतं. घड्याळ लावून बसलो होतो, कारण बंद नोडसाठीच्या हिंट (तो परत आला की त्याला द्यायच्या राहिलेल्या नोंदी) ठरीव सेटिंगमध्ये 3 तासच साठतात. एकदा ती मुदत उलटली की राहिलेलं भरून काढायला रिपेअर लागतं, आणि दोन आवृत्त्या एकत्र असताना रिपेअर चालवायचं नसतं. नवा नोड जोडणं, जुना काढणं, स्कीमा बदलणं, सगळंच तोवर वर्ज्य. यूपीएसच्या नव्या बॅटरीचे पैसे त्या दिवशी वसूल झाले. काम चालू असतानाच लाइट गेली होती.

फिक्स झालं, नोड उठला, अपग्रेडएसएसटेबल्स लावलं आणि या खेपेला ते शेवटपर्यंत गेलं. डिरेक्टरीत सगळीकडे एनबी. मग सीक्यूएलएसएच (कॅसँड्राला प्रश्न विचारायचं टर्मिनल) उघडून ऑगस्ट 2019 मागवला. 45 च्या पुढे फूट चढत जाताना दिसले, 50, 53, 55, 57, आणि पुढे तितक्याच संथपणे उतरताना. माणसं ज्या आकड्यांवर रात्र रात्र जागली, ते आकडे स्रोताच्या खान्यासकट जागच्या जागी आहेत. जुन्या सीएसव्हीशी ओळी जुळवल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एवढ्या आनंदाने मी बऱ्याच दिवसांत चहा प्यायलो नव्हतो.

आता पुढचं. दुसरा आणि तिसरा नोड अजून 3.11 वर आहेत. ठरलं होतं की दोन्ही 4.0 वर नेऊन तिथे स्क्रब करायचं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की हे उलटं करायला हवं. मायनस ई 3.11.5 पासून आहे, माझं 3.11 त्याहून नवं आहे. मग बायनरी बदलण्याआधी, 3.11 वर असतानाच हेडर दुरुस्त करून घेतो. ड्रेन करून नोड बंद ठेवायचाच आहे, तेवढ्यात फिक्स-ओन्ली उरकतं, आणि 4.0 पहिल्यांदा उठेल ते स्वच्छ फाइलींवर. ही सगळी रंगीत तालीम आधी सीसीएमवर, लॅपटॉपवरच्या तीन नोडच्या खोट्या क्लस्टरमध्ये, एमसी फाइलींची प्रत टाकून करतोय.

दुसरी गोष्ट त्या जुन्या डिस्कची. क्लस्टर सुधारलं तरी डिस्कवरचा स्नॅपशॉट अजून चुकीच्याच हेडरचा आहे, उद्या कुणी तो उतरवला की पुन्हा हेच रामायण. म्हणून एका सुट्या नोडवर तो सगळा चढवून, फिक्स करून, एनबी करून नवा स्नॅपशॉट घेणार आणि जुन्यावर तशी चिठ्ठी लावणार. आत घेताना रीफ्रेशऐवजी नोडटूल इम्पोर्ट वापरेन. 4.0 मध्ये आलेलं हे साधन फाइली आत घेण्याआधी तपासतं, आणि आतल्या सगळ्या किमती तपासणारा एक्स्टेंडेड-व्हेरिफाय हा पर्याय लावला तर असली फाइल दारातच अडेल.

4.0 नंतर लगेच 5.0 वर उडी मारायचा बेत मात्र पुढे ढकलला. 5.0 ला जावा 11 किंवा 17 लागतं आणि माझे नोड 8 वर आहेत. आवृत्ती आणि जावा एकाच फटक्यात बदलले तर बिघाड कुठला ते कळायचं नाही. आधी तीनही नोड 4.0 वर, एक पूर्ण रिपेअर, मग जावा 11, आणि पावसाळा उतरल्यावर 5.0. जून ते सप्टेंबर या क्लस्टरला मी हात लावत नाही, कोयनेतून विसर्ग सुरू झाला की दर तासाची नोंद मोलाची असते.

ज्यांच्याकडे 3.0 च्या काळातले यूडीटी असलेले स्नॅपशॉट पडून आहेत, त्यांनी ते सुट्या नोडवर उतरवून एकदा व्हॅलिडेट-ओन्ली चालवून बघा. कराडच्या काकांनी आजच चालवलं. त्यांच्या वाईच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या फाइलींतही तेच निघालंय, त्यामुळे रविवारी दुसरा नोड करताना त्यांचीही डिस्क माझ्याकडे येतेय.