टेबलावरचे चित्र आणि वावरातले चित्र

कापसाची उलंगवाडी होऊन पऱ्हाट्या उपटल्या गेल्या आणि दारव्हा तालुक्यातले आमचे वावर एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत मोकळे झाले, की माझा ड्रोन उडवण्याचा हंगाम सुरू होतो. या वेळी मी माझ्या पाच इंची पंख्यांच्या एफपीव्ही ड्रोनवर, म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याचे चित्र डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये पाहत उडवायच्या ड्रोनवर, नवा ॲनालॉग व्हिडिओ ट्रान्समीटर, म्हणजे चित्र रेडिओलहरींवरून पाठवणारा आणि ज्याला आम्ही सगळे व्हीटीएक्स म्हणतो तो, बसवला. घरातल्या टेबलावर गॉगलमध्ये चित्र अगदी स्वच्छ दिसले. पण वावरात ड्रोन जेमतेम दीडशे मीटर गेला आणि चित्रावर मुंग्या पसरल्या. कारण सापडायला मला चार संध्याकाळी लागल्या. त्या काळात मी जे जे तपासले, त्यातला जवळजवळ प्रत्येक दोष टेबलावर दडून राहणारा आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

सुरुवात ॲन्टेनापासून करावी लागते. ॲन्टेना नसताना व्हीटीएक्सला वीज दिली, तर बाहेर पडू न शकलेली शक्ती उलटून त्याच्याच शेवटच्या टप्प्यात येते आणि तिथली चिप तापून निकामी होऊ शकते. माझा पहिला व्हीटीएक्स असाच गेला. मला फक्त मेनू पाहायचा होता आणि एवढ्याशा वेळात काय होणार, असे मी समजलो होतो. याहून फसवी चूक जोडणीची असते. एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जोडण्यांचे आटे एकमेकांत व्यवस्थित बसतात, परंतु दोन्हींकडे मधली पिन नसेल तर आतला संपर्कच होत नाही. बाहेरून ॲन्टेना घट्ट बसलेली दिसते, एक मीटरवरच्या गॉगलमध्ये चित्रही येते आणि व्हीटीएक्स मात्र ॲन्टेनाशिवाय चालत असतो. म्हणून आता मी पिन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बॅटरी जोडत नाही.

तारांचे काम त्यामानाने सरळ आहे. कॅमेऱ्याची व्हिडिओची तार फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोन सांभाळणाऱ्या मुख्य बोर्डाच्या, कॅमेरा पॅडवर (तार डाखायच्या जागी) जाते, तिथली ओएसडी चिप चित्रावर बॅटरीचे व्होल्ट आणि इतर आकडे उमटवते आणि मग ते चित्र व्हीटीएक्सकडे जाते. व्हीटीएक्स ५ व्होल्टवर चालणारा आहे की थेट बॅटरीवर, हे त्याच्या कागदावर वाचून घ्यावे, कारण पूर्ण भरलेली ४एस (चार सेलची) बॅटरी १६.८ व्होल्ट देते आणि ६एस बॅटरी २५.२ व्होल्ट. ग्राउंडची तार व्हिडिओच्या तारेसोबतच न्यावी. थ्रॉटल वाढवला की चित्रावर आडव्या रेषा धावत असतील, तर तो बहुधा मोटारी फिरवणाऱ्या ईएससीचा विजेचा गोंगाट असतो. बॅटरीच्या पॅडवर ३५ व्होल्टचा, कमी ईएसआरचा (आतल्या रोधाचा), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्याने माझ्या रेषा गेल्या. टेबलावर मोटारी बंद असतात, त्यामुळे हा दोषही तिथे दिसत नाही.

माझी खरी अडचण निघाली ती फ्रिक्वेन्सीत. फ्लाइट कंट्रोलर व्हीटीएक्सशी एकाच तारेवरून बोलतो. ती तार बोर्डाच्या एखाद्या यूआर्टच्या (सिरियल पोर्टच्या) टीएक्स, म्हणजे पाठवण्याच्या, पॅडला जोडायची आणि बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरच्या पोर्ट्स पानावर त्या यूआर्टपुढे स्मार्टऑडिओ किंवा ट्रॅम्प, यांपैकी आपल्या व्हीटीएक्सची भाषा निवडायची. त्यानंतर व्हीटीएक्स टेबल, म्हणजे चॅनेल आणि शक्तीच्या आकड्यांचा तक्ता, भरावे लागते. बीटाफ्लाइट ४.१ पासून हे टेबल आपणच भरायचे असते, आणि ते रिकामे असेल तर तार बरोबर असूनही चॅनेल बदलता येत नाही. टेबलात साधारणपणे ए, बी, ई, एफ आणि रेसबँड असे पाच बँड आणि प्रत्येकी आठ चॅनेल, म्हणजे चाळीस आकडे असतात. शक्तीच्या पायऱ्याही त्यातच लिहायच्या असतात आणि त्या दोन भाषांत वेगळ्या लिहिल्या जातात: ट्रॅम्पला मिलिवॉट लागतात, तर स्मार्टऑडिओ २.१ ला डीबीएम, हे शक्तीचे दुसरे, लॉगरिदमिक माप. दुसऱ्याचे टेबल जसेच्या तसे उतरवले तर मेनूत २०० दिसते आणि प्रत्यक्षात भलतीच शक्ती बाहेर पडते.

या चाळीस आकड्यांत काही एकमेकांच्या फार जवळ आहेत. एफ बँडचा चौथा चॅनेल ५८०० मेगाहर्ट्झ, ए बँडचा चौथा ५८०५ आणि रेसबँडचा पाचवा ५८०६. माझा व्हीटीएक्स ५८०० वर होता, आणि गॉगलच्या आपोआप शोधाने ५८०६ पकडले होते. सहा मेगाहर्ट्झचा हा फरक जवळून कळत नाही, कारण तिथे सिग्नल इतका दांडगा असतो की शेजारच्या चॅनेलवरही चित्र येते. अंतर वाढले की मात्र तोच फरक चित्र मोडतो. आता मी आपोआप शोध वापरत नाही. गॉगलवर बँड आणि चॅनेल हाताने लावतो आणि दोन्हीकडचा मेगाहर्ट्झचा आकडा जुळवून पाहतो.

त्याच बैठकीत मी टेबलातले सात आकडे शून्य केले, म्हणजे ते चॅनेल निवडताच येऊ नयेत. भारतात ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला आहे. रेसबँडचे शेवटचे दोन चॅनेल, ५८८० आणि ५९१७, एफ बँडचा आठवा आणि ई बँडचे वरचे चार चॅनेल त्याच्या पलीकडे पडतात. ज्या लहरींवर आपला हक्क नाही त्यांवर चुकूनही बोट जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ॲन्टेनाचे ध्रुवीकरणही, म्हणजे लहर ज्या दिशेने वळते ती दिशाही, दोन्हीकडे सारखे हवे. उजवी आणि डावी वर्तुळाकार ॲन्टेना समोरासमोर आली, तर सिग्नलचा फार मोठा भाग वाया जातो.

शक्तीकडे मी सर्वांत शेवटी वळलो. अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, त्यामुळे २५ वरून १०० मिलिवॉटवर गेल्यास मोठा फरक पडतो, तर ४०० वरून ६०० वर गेल्यास फारसा नाही. उष्णता मात्र तेवढी वाढते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि न उडणाऱ्या ड्रोनवरच्या व्हीटीएक्सला वारा मिळत नाही. म्हणून टेबलावर मी समोर पंखा लावतो, आणि ड्रोन आर्म होईपर्यंत, म्हणजे मोटारी सुरू करायची परवानगी मिळेपर्यंत, व्हीटीएक्स कमी शक्तीवरच राहील, अशी सेटिंग बीटाफ्लाइटमध्ये करून ठेवली आहे. संत्र्याच्या बागेतल्या ओल्या पानांपुढे, किंवा पुरुषभर वाढलेल्या तुरीमागे ड्रोन खाली गेल्यावर, वाढवलेली शक्तीही फार उपयोगी पडत नाही. सुमारे पाच सेंटिमीटरच्या या लहरींना पाण्याने भरलेले पान मोठा अडथळा असते.

परवा संध्याकाळी माझा भाचा ड्रोनवर नजर ठेवून शेजारी उभा राहिला आणि मी २०० मिलिवॉटवर, ५८०० मेगाहर्ट्झ लावून, परत उडवले. शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावरून विचारत होते, ‘‘काहून बाप्पा, आज तरी दिसून राह्यलं का?’’ गॉगलमध्ये तेव्हा विहिरीपलीकडची बाभूळ होती, आणि तिच्या फांद्या मला वेगवेगळ्या मोजता येत होत्या.