तुम्ही विचारलंत म्हणून: निरोपाला भोपाळच का?

"कोणी इंदूर सोडून निघालं की सगळे घरी जेवायला बोलावतात, तुम्ही मात्र त्यांना भोपाळला घेऊन जाता. तेही सकाळी जाऊन रात्री परत, आणि दारात कार असताना रेल्वेने. असं का?" रामबागेत, लग्नकार्यात, भाजी घेतानासुद्धा मला हे विचारतात.

जेवणाच्या गर्दीत निघणाऱ्या माणसाला मनातलं बोलायला मिळतच नाही. जो तो विचारतो, फ्लॅट केवढा, लिफ्ट आहे का, सामान कधी जाणार. बोलावणारी स्वयंपाकघरात अडकलेली. रेल्वेत शेजारी बसून काही तास हक्काचे मिळतात, आणि खिडकी असल्यामुळे गप्प राहिलं तरी अवघडायला होत नाही. कारमध्ये एकाचं लक्ष रस्त्यावरच असतं.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वहिनी मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या. घर विकलं होतं. देवासला चामुंडेची टेकडी दिसली तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुमार गंधर्व 1948 मध्ये आजारपणात इथली हवा मानवेल म्हणून आले आणि जन्मभर राहिले. मला हवा मानवत असताना निघावं लागतंय." यावर मी काय बोलणार? दशम्यांचा डबा उघडला, लसणाची चटणी काढली. शुजालपूर गेलं, सिहोर आलं. दोन्हीकडे गहू. पुण्याच्या दुकानांत 'सिहोर' म्हणून विकतात तो हाच, आणि उभं आयुष्य त्याच्या पोळ्या लाटूनही वहिनींनी तो शेतात असा निवांत पाहिला नव्हता.

इथून पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. सिहोरच्या बाजूने कोलांस नदी भोपाळकडे वाहते आणि आपणही त्याच दिशेने निघालेलो असतो. अकराव्या शतकात राजा भोजाने मातीचा बांध घालून तिचं पाणी अडवलं, तोच भोपाळचा बडा तालाब, असं मानतात. भोजाची राजधानी धार, म्हणजे आपल्या इंदूरच्या शेजारचीच. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणणाऱ्या माळव्यात आम्हा इंदूरकरांना 1978 पासून नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वर चढवून आणावं लागतं; भोपाळच्या काही भागाला अजून त्या जुन्या तलावाचं पाणी मिळतं. 2002 मध्ये या तलावाला, म्हणजेच भोजतालाला, रामसर स्थळांत, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली, ती मिळायलाच हवी होती.

शहरात मी फार फिरवत नाही. थेट श्यामला टेकडी. सह्याद्री पाहिलेल्यांना हा डोंगर वाटणार नाही, पण आमच्या सपाट मुलखाला तेवढी उंची पुरते. वर मानव संग्रहालय आहे. निरनिराळ्या आदिवासी समाजांच्या लोकांनी स्वतः येऊन बांधलेली घरं तिथे उघड्यावर उभी आहेत. घर सोडून आलेल्या माणसाला ती दाखवावीत की नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. वहिनींनी मात्र एकेका ओसरीवर हात फिरवला, चुली वाकून पाहिल्या.

मग उतारावर बसलो. समोर पश्चिमेला सगळं पाणी, आणि पाण्यापलीकडे आपण आलो तो मुलूख. गल्लीत राहून माळवा असा एका नजरेत दिसत नाही, आणि जो निघाला आहे त्याने तो एकदा तसा पाहावा, असं मला मनापासून वाटतं. तिथेच वहिनींनी पहिल्यांदा सांगितलं की किल्ल्या द्यायला त्या जाणार नाहीत, मुलाला पाठवतील. आणि इंदूरला आल्या की आमच्याकडे उतरायचं, हॉटेल बघायचं नाही, हेही तिथेच पक्कं झालं. आमच्या जेवणाच्या टेबलावर हे निघालं नसतं.

तुम्हाला न्यायचं असेल तर थंडीत न्या. सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. परतीचं तिकीट आधी काढून ठेवा. आणि सगळं घर गोळा करू नका; निघणारा माणूस आणि तुम्ही, बस.