तुम्ही विचारलंत म्हणून: दहा आकड्यांच्या कॅल्क्युलेटरवर भरवसा कसा?

वर्गात एचपी-१२सी हा कर्ज-व्याजाच्या हिशेबांचा कॅल्क्युलेटर बाहेर काढला की कुणीतरी विचारतंच, ‘सर, मोबाइल असताना हे १९८१चं मॉडेल कशाला? आणि दहाच आकडे दाखवतं, मग उत्तर बरोबर येतं का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. सीएफएच्या, म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांच्या, परीक्षेला मोबाइल चालत नाही. दोनच घराण्यांचे कॅल्क्युलेटर चालतात, त्यातला हा एक. दुसऱ्या प्रश्नावर मात्र थोडं बोलायला हवं.

दहा आकडे पुरतात. दहा कोटींच्या आतली कुठलीही रक्कम त्यात पैशापर्यंत मावते. गडबड होते ती यंत्र आत काय धरतं आणि पडद्यावर काय दाखवतं, यातल्या फरकामुळे. गृहकर्ज घ्या: ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. ८.५ दाबून महिन्याचा दर काढला की पडद्यावर ०.७१ दिसतं, कारण दशांशाची दोनच स्थळं लावलेली असतात. आत मात्र ०.७०८३३३३३३ शाबूत असतं आणि हप्ता २६,०३४.७० येतो. आता एखादा हुशार विद्यार्थी ०.७१ वहीत उतरवतो आणि पुढच्या गणितात तेच परत टाइप करतो. हप्ता येतो २६,०७२.६८. महिन्याला ३८ रुपये जास्त, २४० हप्त्यांत नऊ हजारांच्या वर! आणि बोल लावायचा कॅल्क्युलेटरला.

त्याची एक खोड मात्र खरी आहे. ह्याच कर्जाला महिना ३०,००० भरले तर किती हप्ते, असं विचारलं की १२सी १७५ सांगतो. शेजारच्या बाकावरचा बीए टू प्लस, म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा कॅल्क्युलेटर, १७४.५७ दाखवतो. १२सी हप्त्यांची संख्या पूर्णांकातच देतो, तीही बहुतेक वेळा वर ढकलून. १७५ पूर्ण हप्ते भरलेत तर शेवटी सुमारे १३,००० रुपये जास्त जातील. म्हणून १७५ आल्यावर लगेच एफव्ही (शेवटी उरणारी रक्कम दाखवणारं बटण) दाबून तो फरक बघायचा. मला स्वतःला १७५च पटतं. अर्धा हप्ता कोणती बँक घेते?

हप्ता २१,००० टाकलात तर मात्र पडद्यावर ‘एरर ५’ येतो. मुलं म्हणतात, मशीन अडकलं. अडकलेलं नाही. पहिल्या महिन्याचं व्याजच २१,२५० होतं, तर कर्ज फिटणार कसं? कर्ज आणि हप्ता दोन्ही एकाच चिन्हाने (दोन्ही अधिक किंवा दोन्ही उणे) भरले तरी हाच एरर येतो, तेव्हा आधी चिन्ह तपासा.

सगळ्यात फसवी मर्यादा तारखांची. १२सी १५ ऑक्टोबर १५८२ पासून २५ नोव्हेंबर ४०४६ पर्यंतच्या तारखा स्वीकारतो. ६ जून १६७४ टाकून वार विचारा, तो ३ दाखवेल, म्हणजे बुधवार. पण शिवराज्याभिषेक झाला शनिवारी! ६ जून ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख. इंग्रजांच्या नोंदींत तीच चालायची, कारण त्यांनी ते कॅलेंडर १७५२ पर्यंत सोडलं नव्हतं. यंत्र धरतं त्या आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १६ जूनचा, आणि १६ जून टाकलं की ६ येतो, म्हणजे शनिवार. इथे एरर येत नाही, कारण दोन्ही तारखा यंत्राच्या हद्दीतल्या आहेत.

मी एक्सेलकडे वळतो ते आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरचा परताव्याचा दर, काढताना. मूळ १२सीत पहिली रक्कम सोडून २० वेगवेगळे रोख प्रवाह (येणाऱ्या-जाणाऱ्या रकमा) मावतात. एकच रक्कम ओळीने येत असेल तर ९९ वेळांपर्यंत एकाच नोंदीत बसते, त्यामुळे भाड्याचं गणित इथे आरामात होतं. दर महिन्याला वेगळी रक्कम येणारा पाच वर्षांचा प्रकल्प असेल, तर सरळ लॅपटॉप उघडा.