गाडी तापली, प्लग पांढरा पडला
आज ताम्हिणी घाट चढताना माझ्या जुन्या, कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) चालणाऱ्या मोटारसायकलचे इंजिन इतके तापले की ॲक्सिलरेटर पिळूनही जोर मिळेना. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ऑइलही उष्णता वाहून नेते, म्हणून गाडी निवल्यावर आधी त्याची पातळी पाहिली. ती योग्य होती. खरी खूण ठिणगी पाडून हे मिश्रण पेटवणाऱ्या स्पार्क प्लगने दिली : एरवी फिकट तपकिरी दिसणारे त्याचे टोक पांढरेफटक पडले होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात होती, आणि अशाने इंजिन तापते. कार्ब्युरेटरला सिलिंडर हेडशी जोडणारी रबरी नळी दाबून पाहिली, तेव्हा तिला गेलेली बारीक चीर दिसली; जादा हवा तिच्यातूनच आत शिरत होती. गाडी तापली की नुसते ऑइल बदलून मोकळे होण्याची पद्धत मला फार खटकते, कारण मूळ दोष न शोधता तशीच दामटलेली गाडी पिस्टन जाम होऊन भर रस्त्यात अडकू शकते.